निंबखारच्या एकशे त्रेचाळीस चोऱ्या

वर्षाली अमरावतीला शिकते हे निंबखार गावात सगळ्यांना माहीत होतं, पण ती काय शिकते हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. तिचे वडील भगवंतराव विचारणाऱ्याला सांगत, "एम. ए. करून राहिली." कशात, असं कोणी पुढे विचारलं की त्यांना अचानक वावरातली मोटार बंद करायची आठवण होई. शकुनकाकू मात्र बेधडक सांगायची.

"आमची पोट्टी गुन्हेगारी शिकते. मागच्या वर्षी पहिली आली होती त्याच्यात."

"गुन्हेगारीशास्त्र, काकू," वर्षाली दर वेळी सांगायची. "गुन्हा का होतो, कोण करतं, ज्याच्यावर होतो त्याचं पुढं काय होतं, ते शिकवतात."

"तेच व माय. मी काय वेगळं म्हनलं?"

आता शेवटचं वर्ष संपत आलं होतं. राहिला होता एक प्रकल्प आणि त्याची तोंडी परीक्षा. अकोल्यात तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना पुन्हा कामाधंद्याला लावणारी एक संस्था होती. तिथे वर्षालीची मुलाखत झाली होती आणि जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच होती. महिनाअखेरीला पास झाल्याचा कागद दाखवायचा. तोंडी परीक्षा सोमवारी होती. त्या दिवशी नापास झाली, तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि जागा कोणा दुसऱ्याची.

प्रकल्पाचा विषय काळमेघ मॅडमनी दिला होता. "ठाण्यात लिहिलं जातं ते वेगळं आणि गावात घडतं ते वेगळं," त्या म्हणाल्या होत्या. "तू साठ घरं फिर. वर्षभरात काय चोरीला गेलं ते विचार. पोलिसांना सांगितलं का, नसेल तर का नाही, तेही विचार."

वर्षालीने एका पानाचा फॉर्म तयार केला. शेवटचा रकाना होता, 'नुकसान : वस्तू व अंदाजे किंमत'. या रकान्याचा तिला फार अभिमान होता. तो तिने पट्टीने आखला होता.

मंगळवारी सकाळी ती निघाली. पहिल्या घरी चहा झाला. चोरी झाली नव्हती. दुसऱ्या घरी चहा झाला. चोरी झाली नव्हती. दुपारपर्यंत बारा घरं आणि बारा चहा झाले, आणि फॉर्मवर एक अक्षर पडलं नाही.

"आपल्या गावात कोनी काई चोरत नाई," तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष वामनराव म्हणाले आणि त्यांनी बोट वेशीकडे केलं. वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलक होता. त्याला दर दिवाळीला वामनराव स्वतः रंग देत. "हे लिव. मोठ्या अक्षरात लिव."

शकुनकाकूची बकरी मागच्या पोळ्याला नाहीशी झाली होती. तेव्हा काकूने तीन दिवस बोंब मारून गाव डोक्यावर घेतलं होतं. वर्षालीने मुद्दाम विचारलं, "काकू, बकरी?"

"बकरी चोरीले नाई गेली. फिरायले गेली."

"सात महिने झाले, काकू."

"लांब गेली असन."

तीन दिवसांत साठ घरं झाली. एक चोरी सापडली. ती सहावीतल्या चंदाने सांगितली. अंगणात दोरीवरच्या उड्या थांबवून ती म्हणाली, "ताई, माहा खोडरबर शिवमनं नेला. मंगळवारी. मी सरले नाई सांगतलं, कारन त्यानं वापस देला, पन अर्धा वापरून. लिवा." वर्षालीने मन लावून लिहिलं. साठ फॉर्मांत तोच एक पूर्ण भरला होता.

गुरुवारी संध्याकाळी ती ओट्यावर गठ्ठा लावत बसली असताना पुंजाजी आले. पुंजाजी म्हणजे गावचे जुने कोतवाल. नोकरी संपली तरी गावातली कोणतीही खबर आपल्या तोंडूनच निघाली पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. त्यांनी एक फॉर्म उचलला, लांब धरला आणि शेवटच्या रकान्यावर त्यांची नजर थांबली.

"नुकसान," ते हळूच म्हणाले. "किंमत."

"अभ्यासासाठी आहे, पुंजाजी."

"हो हो. अभ्यासासाठीच," पुंजाजी म्हणाले, डोळा मिचकावला आणि उठून गेले.

या डोळा मिचकावण्यामागे एक गोष्ट होती. तीन वर्षांमागे गारपीट झाली तेव्हा असाच कागद घेऊन एक मुलगी गावात आली होती. लोकांनी भिडेपोटी तिला सांगितलं, "झालं थोडंफार, चालतंय." शेजारच्या गावाने मात्र मोडकी झाडं हातात धरून फोटो काढून घेतले. पुढे शेजारच्या गावाला भरपाई मिळाली आणि निंबखारला शाबासकीही मिळाली नाही. तेव्हापासून हातात कागद आणि तोंडी 'नुकसान' असं कोणी गावात आलं की निंबखारचा माणूस सावध व्हायचा.

शुक्रवारी सकाळी वर्षालीने दार उघडलं, तर अंगणात रांग लागलेली. प्रत्येकाच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स, काहींच्या हातात पासबुकाचीही.

"काल मी नाई म्हनलो होतो ना, ते खोडून टाक," पहिला म्हणाला. "माहा फवारनीचा पंप गेला. दोन पंप."

"चोर कोण असेल?"

"अज्ञात इसम." ठाण्याचा हा शब्द सगळ्या रांगेला पाठ झालेला होता.

मग पुढे कोणाच्या कोंबड्या गेल्या, कोणाची तूर गेली, कोणाच्या छपराचे पत्रे गेले. पत्रे वाऱ्याने उडाले होते हे वर्षालीने डोळ्यांनी पाहिलं होतं. "वाऱ्यानं उडवले, पन पडल्यावर नेले तं कोनीतरी," त्या माणसाने समजावून सांगितलं. दोघा सख्ख्या भावांनी एकच फावडं आपापल्या नावावर चोरीला घातलं आणि एकमेकांच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. शकुनकाकू रांगेत घुसून पुढे आली.

"माह्या बकऱ्या लिव. तीन."

"काकू, एकच होती ना?"

"गाभन होती व."

वर्षाली प्रत्येकाला सांगत होती की याचे पैसे मिळत नाहीत, हा फक्त अभ्यास आहे. ती जितकं सांगे, तितका लोकांचा विश्वास वाढत होता. खरी योजना आधी कोणी कबूल करतं का?

दुपारी वामनराव तावातावाने आले. "अवं, वेशीवर तंटामुक्तचा बोर्ड हाय अन् तू इथं चोऱ्या लिवून राहिली! गावाची इज्जत हाय का नाई?" वामनराव तसेच तणतणत निघून गेले. आणि पाच मिनिटांनी मागच्या दाराने, गोठ्यातून वाट काढत आत आले. "माही सायकल लिव," ते कुजबुजले. "पन बारीक अक्षरात लिव."

शनिवारी संध्याकाळी वर्षालीने बेरीज केली. साठ घरं, एकशे त्रेचाळीस चोऱ्या. सोमवारी हे परीक्षकांपुढे ठेवलं, तर ते आधी हसतील आणि मग नापास करतील. पहिला गठ्ठा ठेवला, तर म्हणतील, वर्षभर शिकून एक खोडरबर सापडला? तिने अमरावतीला वर्गमित्राला, प्रीतमला फोन लावला.

"सोपं आहे," प्रीतम म्हणाला. "एक आणि एकशे त्रेचाळीस. सरासरी काढ. बाहत्तर. चांगला आकडा आहे. मी पण तसंच केलंय."

"पण बाहत्तर चोऱ्या झाल्याच नाहीत रे."

"एकशे त्रेचाळीस तरी कुठं झाल्यात? परीक्षक काय निंबखारला येऊन कोंबड्या मोजणार आहेत?"

फोन ठेवल्यावर तिने वहीत 'बाहत्तर' लिहून पाहिलं. आकडा खरंच चांगला दिसत होता. नोकरीसारखाच दिसत होता. मग रविवारी सकाळी तिने दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून घरांचे नंबर जुळवले, तेव्हा लक्षात आलं की एक बाई रांगेत आलीच नव्हती. मैनाबाई. झेंडूचे हार करून विकणारी, एकटी राहणारी.

मैनाबाई ओसरीत सुईत दोरा ओवत होती. वर्षालीने दोरा ओवून दिला आणि खाली बसली.

"मैनाबाई, तुम्ही नाही आलात लिहून द्यायला?"

"कावून येऊ? पैसे थोडीच हायेत त्याचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पैसे द्याचे असले का सरकारची मानसं गाडीत बसून येतात, चार-चार जनं. एकट्या पोट्टीले पायी धाडत नाईत." मैनाबाईने एक फूल ओवलं. "त्या कागदावर नाव रायते का?"

"नाही. नंबर असतो नुसता."

आणखी पाच-सहा फुलं ओवून झाली. "मग लिव. माहे चांदीचे गोठ गेले. माह्या मायचे होते."

मैनाबाईचे गोठ बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मैनाबाईनेच सांगितलं होतं.

"कोणी नेले?"

"बहिनीच्या पोरानं. मी पायलं नेतानी. झोपेचं सोंग घेतलं."

"पोलिसांना का नाही सांगितलं?"

"ठान्यात सांगतलं तं तो येईन का माह्या दारात? अजून येते. दिवाळीले येते, पाया पडते, जेवते." मैनाबाईने दोरा तोडला. "ते गोठ तसे बी हातात घट्ट होत होते. लिवलं? आता जा. अन् हे पाय, ज्याले काई भेटाचं नाई ना, त्याले इचार. तो खरं सांगीन."

वर्षाली तिथून निघाली ती थेट पुंजाजींच्या दाराशी. "पुंजाजी, दवंडी द्यायची आहे. या फॉर्मचा एक रुपयाही कोणाला मिळणार नाही, हे तुम्ही सांगा. माझं कोणी ऐकत नाही."

पुंजाजींचा चेहरा पडला. पण इतक्या वर्षांनी कोणी दवंडी द्यायला सांगत होतं. त्यांनी धूळ बसलेली हलगी काढली. "ऐका हो! पोट्टीचा कागद कोरा हाय! भरपाई नाई, अनुदान नाई, चहाचे पैसे बी नाई!"

तासाभरात अंगणात पुन्हा रांग लागली, आणि ती आधीच्यापेक्षा मोठी होती. आता सगळ्यांना चोऱ्या परत घ्यायच्या होत्या. पंप सापडले. कोंबड्या खुराड्यातच होत्या. तूर मोजायला चुकलो होतो. भावाभावांचं फावडं गोठ्यात निघालं. वामनरावांची सायकल तर त्यांच्या बुडाखालीच होती. ते तिच्यावर बसूनच आले होते. वर्षाली एकेक ओळ खोडत गेली.

रांग संपली तेव्हा ओट्यावर थोडी माणसं मागे राहिली होती. त्यांनी काही परत घेतलं नाही. उलट एकेकाने आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं, आणि वर्षालीने ते नव्या फॉर्मवर उतरवलं. शेवटी शकुनकाकू आली.

"दोन बकऱ्या खोड. एक राहू दे. चोर तुहे काका हायेत."

"काकू!"

"अवं, करीच्या दिवशी सारं गाव मटन खाते. त्या दिवशी तुहे काका म्हने, मले भूक नाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या मानसाले भूक नाई, त्याचं पोट कुठंतरी भरलेलं असते. हे शिकवते का नाई तुह्या इद्यापीठात?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलून? बकरी तं गेली, नवरा बी ठान्यात नेऊ देऊ?"

सात चोऱ्या उरल्या. त्यांतले सहा चोर ज्याच्या त्याच्या घरातले किंवा शेजारचेच निघाले. सातवा शिवम. वर्षालीने बाहत्तर खोडलं आणि दुपारभर बसून शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं.

सोमवारी ती सकाळच्या एसटीने अमरावतीला गेली आणि परीक्षकांपुढे तिने तीन गठ्ठे ठेवले. परीक्षक नागपूरहून आलेले, भुवया दाट, चेहरा कोरा. शेजारी काळमेघ मॅडम बसल्या होत्या.

"एक, एकशे त्रेचाळीस आणि सात," परीक्षक म्हणाले. "एकच गाव. यातलं खरं काय?"

"सात, सर. तेही सगळं असेलच असं नाही."

"मग हे मधलं बाड कशाला आणलं?"

"ती माझी चूक आहे, सर. लोकांनी फॉर्म भरपाईचा समजला. नुकसानीचा रकाना मी ठेवला, पण तो का ठेवलाय ते वर लिहिलं नाही. गावाचं चुकलं नाही, माझ्या कागदाचं चुकलं."

"काय लिहायला हवं होतं?"

"पहिलीच ओळ, सर. 'हा फॉर्म भरून काहीही मिळणार नाही.'"

परीक्षकांनी पानं उलटली. चंदाच्या फॉर्मवर थांबले. मग बकरीच्या पानावर बराच वेळ थांबले.

"या बाई काय शिकल्यात?"

"चौथी, सर."

"हं." त्यांनी पेन उचललं. "पद्धतीचे वीस गुण कापतोय. कापायलाच पाहिजेत. बाकीच्या ऐंशीत जमतील तेवढे देतो."

बाहेर आल्यावर काळमेघ मॅडमनी गुणपत्रक तिच्या हातात ठेवलं. अठ्ठावन्न. पास. "पहिल्या वर्गाची मुलगी तू, दुसऱ्या वर्गात आलीस," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात त्या बकरीवाल्या बाईंना आमच्या वर्गावर घेऊन ये. एसटीचं भाडं विभाग देईल."

संध्याकाळी वर्षाली गावच्या फाट्यावर उतरली तेव्हा पुंजाजी तिथल्या दगडावर बसून होते. तिचीच वाट पाहत होते.

"पास?"

"पास. एक तारखेपासून अकोल्याला कामावर."

"बरं झालं." ते उठले नाहीत. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "एक इचारू? तू साठ घरं फिरली. सगळ्याईले इचारलं, तुमचं काय गेलं. तुमी काय नेलं, हे एकाले बी कावून नाई इचारलं?"

हा प्रश्न वर्षालीला सुचला नव्हता. मॅडमनाही सुचला नव्हता.

"नाव नसते ना त्याच्यावर?" पुंजाजींनी इकडेतिकडे पाहिलं.

"नाही. नंबर असतो."

"मग लिव. शकुनच्या बकरीले तुह्या काकाच्या संगं आणखी पाच जनं होते. पाचवा अज्ञात इसम." ते उठले आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन गावाकडे चालू लागले. दहा पावलं गेल्यावर थांबले. "अन् गाभन-बिभन काई नव्हती ती. शकुनले सांगजो."