पहिल्या भाकरीची कच

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती माझ्या मालकांना, आणि माझी सगळी गोष्ट त्या लाजेचीच आहे.

आत्मवृत्त सांगायचा मान सहसा नांगराला, छत्रीला, फार तर मोडक्या खुर्चीला मिळतो. कवळीला कुणी विचारत नाही. पण पाटणच्या चाळक्यांच्या पीठगिरणीची तीन पिढ्यांची सत्ता कशी चालली, हे माझ्याइतकं जवळून कुणी चावलेलं नाही.

माझा जन्म सांगलीचा. गणपती पेठेच्या अंगाला एका अरुंद जिन्यावर दातांचा दवाखाना होता. खालून गुळाचा आणि हळदीचा वास वर यायचा. एकोणीसशे एक्क्याण्णव साली तिथे एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. उरलेले पाच दात त्यांनी काढून घेतले आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "कुनाला कळंल का?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तरच." मग मेण, प्लास्टर, गुलाबी मसाला अशा वाटेने मी तयार झाले. वरची आणि खालची मिळून मी एक. माझे दात मुद्दाम थोडे पिवळट केले होते, म्हणजे मी खरी वाटावी. पहिल्याच दिवसापासून मला खोटं बोलायला शिकवलं गेलं, ते असं.

या गृहस्थांचं नाव तात्याबा चाळके. कराड जवळ असताना एवढ्या लांब सांगलीला येण्याचं कारण एकच, सांगलीत त्यांना ओळखणारं फक्त एक माणूस होतं, त्यांची बहीण रंगूबाई. तिच्या गुडघ्याचं दुखणं काढायला जातो असं घरी सांगून ते दोन महिने तिच्याकडे राहिले. रंगूबाईचा गुडघा ठणठणीत होता. ती त्यांना रोज आंबील पाजायची आणि म्हणायची, "दात गेलं तर गेलं, दादा. त्यात काय चोरी केलीस व्हय?"

"तुला गिरनीचं ठाव न्हाई," तात्याबा म्हणायचे.

गिरणीचं असं होतं. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे टाकी नावाच्या छिन्नीने ठोकून पुन्हा खरबरीत करावा लागतो. टाकी लावली की दगडाची बारीक कच पिठात उतरते. म्हणून आधी कोंडा दळून टाकायचा, मग शेरभर जोंधळा दळायचा आणि त्याची भाकरी करायची. ती भाकरी घरच्या कर्त्याने कोरडी, सावकाश चावून खायची. कच लागली नाही तर तो म्हणणार, "लावा पट्टा," म्हणजे गिरणी सगळ्यांसाठी सुरू. त्याआधी कुणाचंही दळण दगडावर जायचं नाही. तात्याबांचे वडील नानासो यांनी गिरणी काढली तेव्हा हा नियम घातला. ज्याच्या दाताला कळतं त्याची गिरणी, असं ते म्हणायचे, आणि नुसतं म्हणायचे नाहीत. त्रेपन्न साली त्यांच्या दाढा पडल्या, तेव्हा दळणाला आलेल्या बायांसमोर त्यांनी टाकी तात्याबांच्या हातात दिली. पुन्हा गिरणीचा उंबरा ओलांडला नाही.

त्या हिशेबाने एक्क्याण्णव साली टाकी लालासाहेबाकडे जायला हवी होती. लालासाहेब हा तात्याबांचा मुलगा. फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलेला, पहाटे चारला उठणारा. गिरणीतली पोतीसुद्धा तो रांगेत उभी करायचा. माणूस चांगला. पण तात्याबांना दुपारी घराच्या पुढच्या सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठं चाललायसा?" विचारत राहण्याची भीती वाटत होती. अडतीस वर्षं ज्या माणसाच्या एका शब्दाने पट्टा चढला, त्याला नुसतं बसणं जमत नाही. म्हणून मी.

आम्ही पाटणला परतलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. "तात्याबा, सांगलीचं पानी मानवलं बगा, धा वर्सं कमी दिसताय," असं लोक म्हणायचे. तात्याबा हसायचे. हसताना मी पुढे असायची, त्यामुळे ते कौतुक मी माझंच समजायची.

आणि मग पहिली भाकरी आली.

मित्रांनो, दोन गोष्टी आधीच सांगते. मला कच कळत होती. दगडाचा एवढासा कण माझ्या दोन दाढांमध्ये आला की माझ्या अंगावर शहारा यायचा. पण मला जीभ नाही. जीभ त्यांची होती, आणि मी टाळूवर अशी घट्ट बसलेली की खालचं वर काही पोचायचं नाही. त्या दिवशी कच नव्हती. ते "लावा पट्टा" म्हणाले. दैव बरं होतं, असं मला वाटलं.

दैवाचं नाव क्षमा होतं, हे मला महिन्याभराने समजलं.

क्षमा ही लालासाहेबाची बायको, वाईची. सकाळी तात्याबा अंघोळीला गेले की मी भिंतीतल्या देवळीत, एका पितळी फुलपात्रात, फडक्याखाली असायची. पहिली भाकरी यायच्या आधीच एके दिवशी तिने धूळ पुसायला फडकं उचललं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ती ओरडली नाही, हसली नाही. फुलपात्र घासलं, ताजं पाणी भरलं, मला परत ठेवलं आणि फडकं होतं तसंच टाकलं. त्या दिवसापासून माझं पाणी रोज बदललं जायचं. तात्याबांना वाटायचं, आपणच बदललं असणार, आता आठवत नाही, वय झालं.

पुढच्या वेळी टाकी लागली तेव्हा मी तिला चुलीशी पाहिलं. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, कड मोडली आणि भिंतीकडे तोंड करून चावली. मग ती भाकरी म्हशीपुढे गेली. गिरणीत निरोप गेला, "पीठ जरा दमट आहे म्हणावं, आणखी कोंडा घाला आणि नवं दळा." दुसरी भाकरी तिने स्वतः पसंत केली, तेव्हाच ती तात्याबांच्या ताटात आली. ते डोळे मिटून चावत बसले. अख्खी गिरणी श्वास धरून उभी. "लावा पट्टा!"

सहा वर्षं हे असं चाललं. गिरणीचा मालक तिसऱ्या खोलीत चुलीपुढे बसत होता आणि हुकूम सोप्यावरून सुटत होता. तिने नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी चार्ज घेतला असता, पावतीसकट.

सत्त्याण्णवच्या चैत्रात भैरोबाचा भंडारा आला. गावजेवणाचा गहू दरवर्षी चाळक्यांच्याच गिरणीत दळला जायचा. आदल्या दिवशी तात्याबांनी टाकी लावली. त्यांचा हात त्या वर्षी कापत होता आणि टाकी खोल बसली. क्षमा घरात नव्हती. वाईला तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. भाकरी शेजारच्या अंबूबाईने थापली. अंबूबाईला भाकरी थापायला सांगितलं होतं, चाखायला नाही. तिने तेवढंच केलं.

तो घास तोंडात आला आणि मी शहारले. कण एक नव्हता, मूठभर असावेत. मी करकरले. जेवढं जमेल तेवढं करकरले. तात्याबा सावकाश चावत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं समाधान होतं. लालासाहेब पट्ट्याशी सावधान उभा होता.

"लावा पट्टा," तात्याबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंक्ती बसल्या. चपाती, आमटी, लापशी. तात्याबा मानाच्या जागी, शेजारी शाळेतले सुमंत मास्तर, समोर लालासाहेब. पहिला घास घेतला गेला आणि पंगत गप्प झाली. भंडाऱ्याची पंगत कधी गप्प होत नाही. तात्याबांनी मात्र दुसरी चपाती मागितली.

"का वो मास्तर, हात का थांबला?"

"छे, छे. सकाळी नाश्ता जरा जास्त झाला," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायले. पुन्हा प्यायले.

लोक खात होते. कुणी उठलं नाही. ज्या माणसाच्या गिरणीचं पीठ गावाने साठ वर्षं खाल्लं, त्याच्यासमोर थुंकायचं कसं? सगळं गाव माझ्या मालकांच्या मानासाठी दगड गिळत होतं, आणि माझे मालक चवीने जेवत होते.

धोंडुबाई लापशी वाढत आली. तिला आडपडदा ठाऊक नव्हता.

"आवं तात्याबा, तुमचं दात लय घट हायती बगा! आमी कवाचं अडाकलोय. तुमाला पीठ वाढलं काय आन् दगूड वाढला काय, सारकंच!"

कुणी हसलं नाही. त्यामुळे तात्याबांना कळलं. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. प्रत्येक पत्रावळीच्या कडेला, आमटीच्या आडोशाला, चावून ठेवलेला एक एक लहान गोळा होता.

"लाला, कच हाय?"

लालासाहेब बसल्या जागी ताठ झाला. "हाय, आबा."

"कवा कळलं?"

"पहिल्या घासाला."

"मग बोलला का न्हाईस?"

लालासाहेबाने मान खाली घातली. "तुमी खात हुता, आबा."

तात्याबांनी हात तोंडाकडे नेला. सगळ्या गावासमोर त्यांनी मला काढलं, उपरण्याच्या टोकात बांधलं आणि ते उठले. त्यांचे गाल आत गेले होते. वाटेत लोक बाजूला होत होते. आयुष्यात मला प्रथमच उजेडात बाहेर काढलं गेलं होतं, आणि मला तो उजेड नको होता.

तीन दिवस गेले. क्षमा वाईहून आली, तेव्हा तात्याबा मांडीवर टाकी घेऊन सोप्यावर बसले होते. त्यांनी दोघांना बोलावलं. माझ्याविना त्यांचे शब्द मऊ झाले होते.

"सूनबाई, सा वर्सांत कच आली न्हाई. तू नव्हतीस, त्याच दिवशी आली. मी म्हातारा हाय, खुळा न्हाई."

"मामंजी, मी नुसती कड मोडून बघत होते," क्षमा म्हणाली.

"किती भाकरी म्हशीला गेल्या?"

"म्हैस अंगाने भरली आहे," ती म्हणाली, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी टाकी लालासाहेबाच्या हातात दिली. "टाकी तुज्याकडं. भाकरी हिच्याकडं."

"म्हंजी गिरनीचा मालक कोन, आबा?"

"आज्याचा नियम तुला ठाव हाय," एवढं बोलून तात्याबा भिंतीकडे वळले. वडिलांप्रमाणेच त्यांनीही पुन्हा गिरणीचा उंबरा ओलांडला नाही. मला देवळीत ठेवलं गेलं, ते कायमचं. क्षमा पाणी मात्र बदलत राहिली.

आणि टाकी लागेल त्या दिवशी ती एक गोष्ट करत राहिली. आधी स्वतः भाकरी पारखायची. मग तिचा चतकोर दुधात कुस्करून सासऱ्यांपुढे ठेवायची आणि पदर सावरून विचारायची, "मामंजी, लावू का पट्टा?"

"तुजं तुला कळतंय," तात्याबा म्हणायचे. दरवेळी एवढंच.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यातली सकाळ. तिने पारखलेली भाकरी, दूध, वाटी. तात्याबांनी घास तोंडात घेतला, बोळक्या हिरड्यांनी घोळवला आणि थांबले.

"कच हाय."

"नाही, मामंजी. मी दोनदा पाहिलं."

"हाय. उजवीकडं, हिरडीला लागली."

तिने उरलेली भाकरी घेतली. एक घास, दुसरा घास. तिसऱ्या घासाला तिचा जबडा थांबला. बोटाच्या टोकावर तिने तो कण बाहेर काढला. मोहरीच्या निम्म्याएवढा असेल.

देवळीतून मी ते पाहत होते आणि मला सगळं समजत होतं. दातांना कळतं ते हिरड्यांनाही कळत होतं. नानासोंनाही कळलं असतं. त्यांनी कधी घास घेऊन पाहिला नाही. तात्याबा सांगलीला गेले नसते, बोळक्या तोंडाने भाकरी खाल्ली असती, तर गिरणी त्यांचीच राहिली असती. त्यांच्या आणि त्या कणाच्या मध्ये फक्त मी होते.

तात्याबांनी देवळीकडे पाहिलं. मग ते हसले, माझ्याविना, त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच. ते हसू बघवलं नाही.

"आनखी शेरभर कोंडा घाल," ते म्हणाले.

त्यानंतर चार वेळा टाकी लागली आणि चारही वेळा त्यांनी घास घोळवून उत्तर दिलं. पाचव्या वेळेपर्यंत ते राहिले नाहीत. त्यांना न्यायच्या आधी कुणीतरी म्हणालं, "कवळी बशिवती का तोंडात? चेहरा भरल्यावानी दिसंल." क्षमाने मान हलवली. "नको. आहेत तसेच बरे आहेत."

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी उपदेश करायचा असतो. दात दोन वेळा घासा, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं काही गेलं असेल, दात, दृष्टी, हाताचा नेम, तर ते गेलंय असं त्याला मोकळेपणाने म्हणू द्या. त्याला सांगलीला पाठवू नका. आणि तो चुकत असेल तर त्याच्या मानासाठी दगड गिळू नका. त्याने त्याचा मान राहत नाही, तुमचे दात मात्र जातात.

गिरणी अजून चालते. कोपऱ्यावरच्या दुकानात पिठाच्या चकचकीत पिशव्या आल्यापासून दळणं कमी झाली आहेत आणि टाकी फार दिवसांनी लागते. परवा लागली. क्षमाने भाकरी पारखली, चतकोर दुधात कुस्करला आणि वाटी रिकाम्या सोप्यावर ठेवली.

"मामंजी, लावू का पट्टा?"

एक घास हिरड्यांनी घोळवायला लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली. गिरणीत लालासाहेबही तेवढाच वेळ थांबला. मग ती म्हणाली, "लावा."