धुण्याचा हात

थोरलीचा हात लहानपणापासून भारी. भांडं घासायला घेतलं तर त्याचा तळ पातळ व्हायचा, आणि धाकट्या भावाचं तोंड धुतलं तर पोराचे गाल संध्याकाळपर्यंत लाल. प्रयोगशाळेत मात्र सगळे म्हणायचे, हिच्यासारखा नाजूक हात कुणाचा नाही. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

तिचं काम काळ्या आजाराच्या जंतूवर होतं. हा जंतू वाळूमाशीच्या पोटात राहतो. माशी कसली, चिलटाएवढा जीव, मच्छरदाणीच्या भोकातूनसुद्धा आत शिरतो. आजारी माणसाचं रक्त प्यायली की त्याबरोबर जंतू पोटात जातात. रक्त पचून बाहेर पडायला लागलं की त्यांनीही वाहून जायला हवं, पण हे मेले शेपटीने आतड्याला असे चिकटतात की बाकी सगळं गेलं तरी हे तिथेच. मग माशी पुढच्या माणसाला चावते, आणि त्याचं नशीब फुटतं.

हीच पकड सुटावी म्हणून थोरलीच्या प्रयोगशाळेने औषध केलं होतं. ते साखरपाण्यात मिसळून गोठ्याच्या, घराच्या भिंतींवर मारायचं. माशी ते चाटणार, तिच्या पोटातले जंतू सुटून जाणार, मग ती चावली काय आणि नाही चावली काय. फक्त त्यासाठी माशी जिवंत हवी, म्हणजे जिथे हे औषध तिथे नेहमीची विषारी फवारणी बंद.

चाचणी सोपी होती. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये छोट्या छोट्या वाट्या, अर्ध्यांत औषध, अर्ध्या साध्या. त्यात जंतू सोडायचे, तळाला चिकटू द्यायचे, मग पिपेटने, म्हणजे अंगठ्याने दाबायच्या नळीने, मिठाचं पाणी सोडून तीन वेळा धुवायचं आणि किती उरले ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. थोरलीच्या प्लेटवर साध्या वाट्या गच्च भरलेल्या आणि औषधाच्या वाट्या पाटीसारख्या कोऱ्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, आणि औषध वस्तीवर न्यायचं ठरलं.

कुठल्या वस्तीवर? थोरलीने हट्ट धरला, माझ्या भावाच्या. तिथे दर वर्षी कुणी ना कुणी या आजाराने अंथरूण धरायचं. भावाला ती स्वतः प्रयोगशाळेत घेऊन आली, भिंगातून दोन्ही वाट्या दाखवल्या. भावाने पुन्हा पुन्हा डोळा लावला. "अगं ताई, इथे तर काहीच नाही!" म्हणाला, आणि घरी जाऊन वस्तीभर सांगत सुटला की आमच्या ताईने त्या रोगाचं कंबरडं मोडलं. त्याच्या शब्दावर लोकांनी भिंती मोकळ्या करून दिल्या.

पुढचा सगळा मोसम असाच गेला. मग एके दिवशी काचेची पट्टी फुटून थोरलीचा अंगठा कापला आणि तिची प्लेट धुवायला शेजारच्या टेबलावरचा मुनी बसला. बोलायचा कंटाळा, म्हणून त्याला सगळे मुनी म्हणत. त्याने प्लेट धुतली. थोरलीने भिंगातून पाहिलं. औषधाच्या वाट्यासुद्धा गच्च.

"काय रे हे! हाताला जोर नाही का तुझ्या?" ती खेकसली.

"कमी असेल," मुनी म्हणाला. "पण दोन्हीकडे सारखाच होता."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंगठा भरून आल्यावर ती स्वतः बसली. मुनीने प्लेटवरच्या खुणा झाकून दिल्या, औषध कुठल्या वाट्यांत आहे ते तिला कळू दिलं नाही. तिने धुतली. सगळ्या वाट्या भरलेल्या. मग त्याने खुणा उघड्या ठेवून दुसरी प्लेट दिली. औषधाच्या वाट्या कोऱ्या.

तिसऱ्या प्लेटला तिने स्वतःच्या अंगठ्यावरच नजर ठेवली. औषधाची वाटी आली की पिपेटचं टोक आपोआप खाली जायचं, अगदी तळाशी, आणि अंगठा कचकन दाबला जायचा. साध्या वाटीला तोच अंगठा कसा अलगद! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिने लबाडी केली नव्हती हो. तिला फक्त ते सुटायला हवे होते.

त्याच दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, औषध थांबवलं, फवारणीवाल्यांना निरोप धाडला. मग थोरलीने भावाला फोन लावला.

"फवारणी पुन्हा सुरू होतेय," ती म्हणाली. का, ते तिच्या तोंडून निघेना. "सगळे बरे आहेत ना?"

"मजेत. टिटवीला जरा ताप येतो-जातो, बरेच दिवस झाले. शेजारीण म्हणत होती, तोच आजार असेल, तपासून आण. मी म्हटलं, खुळी का काय! आमच्या ताईचं औषध आहे भिंतीला. तो आजार येईलच कसा?"

"आत्ताच्या आत्ता घेऊन ये तिला," ती ओरडली.

टिटवी म्हणजे भावाची लेक. अखंड बडबड, म्हणून हे नाव आत्याबाईंनीच ठेवलेलं. दवाखान्यात आणली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि पोटाची डावी बाजू दगडासारखी झाली होती. हाताला सलाइन लावलेलं. डॉक्टर थोरलीला बाजूला घेऊन म्हणाले, फार उशीर केलात, आता आशा धरू नका.

ती खाटेपाशी बसली. टिटवीने डोळे न उघडताच आत्याचं बोट मुठीत धरलं. भाऊ पलीकडे उभा होता, डोळे सुजलेले, पण रागाचा लवलेश नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुझं ते औषध हिला दिलं तर? हिच्या पोटातलेही सुटतील की."

"ते माणसाला द्यायचं नाही रे. आणि..." ती म्हणाली. "ते औषध चालतच नाही. माशीतसुद्धा नाही."

"असं कसं? मी बघितलं ना, तूच दाखवलंस. वाटी कोरी होती."

"मीच धुऊन टाकले होते ते. जोर लावून. माझं मलाच कळलं नाही रे."

भाऊ खाली वाकला आणि थोरलीच्या बोटावरून लेकीची मूठ सोडवायला लागला. पोरगी सोडेना. त्याने एकेक बोट अलगद उचललं, अजिबात जोर न लावता, आणि तो हात आपल्या हातात घेतला.

"तू जा आता," तो म्हणाला.