सुगंधाबाईची देवदारी पेटी

मी एक जुनी पैशाची पेटी आहे. खरं सांगायचं तर पेटीचं आता एक झाकणच उरलं आहे, मधोमध खाच असलेलं. बाकीचं अंग कुठे गेलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे. मित्रांनो, गोष्ट फार आनंदाची नाही. पण तुमच्याही घरी कुठेतरी चार पैसे साठत असतील, म्हणून ऐकून ठेवा.

माझा जन्म अंधेरीच्या एका सिनेमा स्टुडिओत झाला. तिथे धाकू परब नावाचा सुतार होता, मालवणकडचा. राजवाडे, देवळं, तुरुंग असलं सगळं तो फळ्यांचं उभं करायचा आणि चित्रण संपलं की मोडायचा. एकदा परदेशातून कसलीशी यंत्रं देवदारी खोक्यांत आली. रिकाम्या खोक्यांच्या फळ्या त्याने मागून घेतल्या आणि दुपारच्या सुट्टीत बसून मला जोडलं. माझे कोपरे त्याने असे बसवले की त्यांत केसही जाऊ नये. शेजारीच सागवानाचे तुकडे पडले होते. सोबतचा कामगार म्हणाला, "हे लाव की." धाकूने हात झटकले. "सागवान कित्याक? पैशेच ठेवूचे असत मा? ते तुकडे इकले तर दोन रुपये येतीत."

दोन रुपये वाचले. ते माझ्यातच पडले, माझे पहिले दोन रुपये. त्या दिवशी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

मरोळच्या वाटेवर कुडाच्या भिंतींची एक चाळ होती, तिथे धाकूचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको सुगंधाबाई शिंप्याची काजं-बटणं करायची. डझनभर काजांना दोन आणे मिळायचे. शिंप्याच्या मशीनकडे ती अशी बघायची, जशी लहान मुलं दुसऱ्याच्या ताटातल्या लाडवाकडे बघतात. आपलं एक हातमशीन असावं, बायकांची पोलकी शिवावीत, काजांवर डोळे फोडणं संपावं, एवढंच तिचं मागणं होतं. डोळे आताच दुखू लागले होते. संध्याकाळी दोरा ओवायला तिला तीन-तीन वेळा तोंडात घालून ओला करावा लागे. मशीनला दोनशे दहा रुपये पडणार होते.

मग सुगंधाबाईने जे केलं, त्याचं कौतुक मी आजही करते. मोठी रक्कम बाजूला टाकायची ऐपत नव्हती, म्हणून तिने लहान लहान सवयी लावून घेतल्या. शिंप्याकडे जाताना बस सोडली आणि अंधेरीपर्यंत चालत जाऊ लागली. वाचलेला आणा घरी आल्याआल्या, पायही न धुता, माझ्यात. रोज भाताच्या तांदळातून एक मूठ परत डब्यात. महिनाअखेरीस तेवढा तांदूळ कमी आणायचा आणि त्याचे पैसे माझ्यात. कंदील जेवणं झाली की मालवायचा. दुपारच्या चहात साखर नाही. धाकूलाही तिने सोडलं नाही. एका दिवसाचं विडीबंडल दोन दिवस पुरवायला लावलं. तो कुरकुरला, पण विड्या मोजून ओढू लागला.

आणि एक नियम तिने सगळ्यांत कडक ठेवला. टाकायचं रोज, उघडायचं नाही. देवांच्या फळीखालच्या कोनाड्यात, पाठ भिंतीला लावून तिने मला बसवलं, हळदकुंकू वाहिलं आणि सांगून टाकलं, "माझ्याशिवाय हेका कोणी हात लावूचो नाय." तोंडावरून रोज फडकं फिरे. हलवलं मात्र कोणी नाही. चार वर्षांत मी एवढी जड झाले की माझ्या तळाच्या फळ्या वाकल्या. चाळीतल्या बायका यायच्या, मला बोटाने टकटक करून बघायच्या आणि म्हणायच्या, सुगंधाकडून शिकावं. मीही फुगले.

शेजारी शरच्चंद्र नावाचे पोस्टातले कारकून राहत. त्यांनी दोनदा सांगितलं, "वहिनी, पोस्टात पुस्तक काढा. पैसे घरात कशाला? व्याजही मिळेल." सुगंधाबाई हसून विषय टाळायची. ते गेल्यावर धाकूला हळूच म्हणाली, "थंय सगळ्यांसमोर अंगठो लावूचो? माका लाज वाटता." तिला सही येत नव्हती. एवढ्या एका लाजेने पुढे काय केलं, ते बघा.

सत्तावन्न साल उजाडलं. एक एप्रिलपासून नवे पैसे येणार म्हणून गवगवा झाला. चाळीच्या नळावर कोणीतरी पुडी सोडली की जुने आणे आणि पैसे आता कोणी घेणार नाही. शरच्चंद्र सांगत होते की दोन्ही चालणार आहेत, पण नळावरची बातमी नेहमीच जास्त खरी वाटते. सुगंधाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षांत पहिल्यांदाच धाकूने माझे स्क्रू काढले. दोघांनी पिशव्या भरभरून नाणी वाण्याकडे नेली. त्याने रुपयामागे पैसा कापून घेतला आणि दहाच्या अठरा नोटा हातावर ठेवल्या. त्या तिने जुन्या पोलक्याच्या चिंधीत गुंडाळल्या, माझ्या तळाशी मागच्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "आता मशीन दसऱ्याक. तवसर उरलेले जमतीत." स्क्रू पुन्हा बसले.

मी हलकी झाले. नाणी असती तर त्यांना कोण काय करणार होतं?

पावसाळ्यात भिंत ओली झाली. श्रावणाच्या सुमारास माझ्या पाठीला कसलीशी बारीक गुदगुली झाली. आधी मला कळलंच नाही. मग कळलं. भिंतीतून मातीची एक नळी आली होती आणि वाळवी माझ्या पाठीत शिरली होती. मित्रांनो, ती घाई करत नाही. ती आतून खाते आणि बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवते. रोज सकाळी सुगंधाबाई यायची, माझं तोंड पुसायची, खाचेतून नवे कोरे पैसे टाकायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, एकदा मला पुढे ओढ, एकदा माझी पाठ बघ. पेटीला तोंड असतं ते फक्त घ्यायचं, बोलायचं नाही. तिचं फडकं फिरायचं आणि त्याच वेळी माझ्या पोटात चिंधी कुरतडली जात असायची.

दसऱ्याच्या सकाळी घर सारवलेलं होतं. खिडकीखाली मशीनसाठी जागा मोकळी करून तिने रांगोळी काढली होती. धाकूने करवत, रंधा, पटाशी पाटावर मांडली होती. एक झेंडूची माळ त्याने मुद्दाम मोठी आणली होती, मशीनला घालायची. दुकानदाराला सांगून ठेवलेलं होतं, अकरा वाजता येतो म्हणून. धाकूने मला दोन्ही हातांनी उचललं आणि माझी पाठ भिंतीलाच चिकटून राहिली. तळ त्याच्या हातात भुसा होऊन गळला. नाणी खळखळत जमिनीवर पडली. त्यांच्यामागून चिंधीत बांधलेला मातीचा एक गोळा पडला.

सुगंधाबाईने तो उघडला. बराच वेळ ती नोटांचा एकेक तुकडा वेगळा करत होती, जणू अजून आत काही सापडेल. कोणी रडलं नाही. धाकू खाली बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "देवदाराक वाळवी लागता, ह्या माका म्हायत होता गो. माका म्हायत होता."

सुगंधाबाई उठली, डब्यातून आपली सुई आणि दोऱ्याचं रीळ आणलं, पाटावर हत्यारांच्या शेजारी ठेवलं आणि झेंडूची ती मोठी माळ त्या रिळाला घातली. रीळ माळेखाली दिसेनासं झालं. मग तिने नैवेद्य दाखवला.

शरच्चंद्रांनी तुकडे रिझर्व्ह बँकेत नेऊन चौकशी केली. अठरांपैकी दोन नोटांचे नंबर शाबूत होते. वीस रुपये आले, वरची नाणी तीस रुपयांची निघाली. एवढ्यावर सुगंधाबाईने पोस्टात पुस्तक काढलं. अंगठा लावताना कोणी हसलं नाही. कोणी वर बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर हे तिने धाकूला सांगितलं आणि मग मात्र ती रडली.

माझं बाकीचं अंग चुलीत गेलं. झाकण तेवढं तिने ठेवलं. त्यावर खडूने ती आपलं नाव गिरवायला शिकली. आता एकोणसाठ साल चालू आहे. पुस्तकात त्र्याऐंशी रुपये आहेत. खाली सही आहे, वाकडी पण तिची. तिचे डोळे मात्र बिघडायचे थांबले नाहीत. जिथे पूर्वी डझनभर काजं व्हायची, तिथे आता पाच होतात, आणि मशीन आलंच तर सुईत दोरा कोण ओवून देणार, हे ती कोणाला विचारत नाही.

मित्रांनो, रोजचा आणा जरूर टाका. मूठभर तांदूळही मागे ठेवा. पण साठवलेलं नुसतं पुजू नका. अधूनमधून उचला, पाठ बघा, उघडून बघा. ज्याला कळतं त्याला विचारा, आणि विचारायची लाज बाळगू नका.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुगंधाबाई मला उंबऱ्यावर उन्हात ठेवते, उलटं-सुलटं करते, बोटांनी चाचपून बघते. आता माझ्यात राखायला काही नाही. तरी ती ठेवते.