नेदेल्यानं मान हलवली

शिंकलात ना? मीच तो. एकशे सत्तावीस वर्षांची धूळ अंगावर बाळगून आहे, आणि जो मला उघडतो त्याच्या नाकात ती आधी सोडतो. मी चौकशीचं बाड बोलतोय. आसपासच्या गावांत कोण कसा मेला, कुणाच्या शेळ्या कुणी पळवल्या, हे सगळं माझ्या पोटात आहे.

माझा कागद जुन्या सदऱ्यांच्या चिंध्यांचा. कातडं एका बोकडाचं, आणि तो बोकड भारी द्वाड होता म्हणे. त्याची ढुशी मारायची खोड माझ्या पुठ्ठ्यात उतरली. शिक्षण म्हणाल तर दोनशे बारा पानांचं, त्यातली चाळीस उंदरांनी पचवली. तेव्हा शहाणपण दुसरीकडे शोधा.

माझा पहिला मालक हुदेचेक साहेब. तुर्कांचं राज्य गेलं, बल्गेरियाचं आलं, पण कचेरीत बसायला लिहिता-वाचता माणूस मिळेना, म्हणून याला थेट प्रागहून मागवला. आमची भाषा तो पुस्तकातून शिकून आलेला. येऊन जेमतेम महिना झाला होता. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि काही म्हणून सोडायचा नाही. साक्षीदार खोकला तर लिहायचा, ‘येथे साक्षीदार खोकला.’ शिंकला तर तेही.

साहेब परत गेला आणि माझी दशा झाली. एका हवालदारानं माझ्यावर चीज कापलं. दुसऱ्यानं मला लंगड्या टेबलाच्या पायाखाली दिलं. मग नगरपालिकेच्या माळ्यावर कबुतरांनी माझ्यावर जे काय केलं, ते तुम्ही जेवत असाल तर सांगत नाही.

आता मी दप्तरखान्यात आहे. इथला राखणदार बोगोमिल दिवसभर सूर्यफुलाच्या बिया खातो आणि टरफलं माझ्या पानांत सोडतो. इथं येणारी माणसं म्हणजे तर निव्वळ करमणूक! प्रत्येकाला आपला खापरपणजोबा बंडातला वीर हवा असतो. निघतो कोंबडीचोर. मग ती मंडळी मला हळूच मिटतात, जशी काही कोंबडी मीच चोरली. मी त्यांची बोटं चिमटतो, हवं ते नाव दिसायच्या बेतात पान उलटवतो.

एका पानाची मात्र मी कधी थट्टा करत नाही. अठ्ठ्याऐंशी. त्याच्या मागच्या बाजूला साहेबानं पुरावा म्हणून अक्रोडाचं एक पान चिकटवलं होतं. ते अजून हिरवं आहे. बोगोमिलनं कधी पाहिलं नाही म्हणून बरं, नाहीतर त्याच्या घशात बी अडकली असती.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दोघीजणी आल्या. सेव्दा शाळेत शिकवणारी, पन्नाशीची. तिची आत्या ग्रोझ्दा अठ्ठ्याऐंशीची, काळा रुमाल, हातात काठी.

“आजी, एवढे जिने कशाला चढलात?” बोगोमिल म्हणाला. “मी फोटो पाठवला असता.”

“फोटो तुझ्या सासूला पाठव. मला कागद बघायचाय.”

सेव्दाकडे जुन्या वर्तमानपत्राच्या बातमीची नक्कल होती. चार ओळींची. द्रेनोवित्सा गावचा तरणाबांड शेतकरी गान्चो भर दुपारी अक्रोडाखाली मरून पडलेला सापडला. अंगावर ओरखडाही नाही. तीन आठवड्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको नेदेल्या हिने गुन्हा कबूल केला. एवढंच. खटला उभा राहायच्या आधी ती तुरुंगातच बाळंतपणात गेली. ते बाळ म्हणजे ग्रोझ्दाचा बाप.

“शनिवारी पितरांचा दिवस,” ग्रोझ्दा म्हणाली. “घरातल्या मेलेल्यांची नावं मी पाद्र्याला लिहून देते, तो मोठ्यानं वाचतो. पंचवीस नावं आहेत. आजीचं कधी दिलं नाही. खुनी बाईचं नाव चर्चमध्ये उच्चारायचं नाही, असं बापानं सांगून ठेवलं होतं. तिच्याच पोटचा तो.”

“मग आता कशाला उकरताय?”

“मुडद्या, पुढच्या वर्षी त्या यादीत मी असेन! वर गेल्यावर ती समोर आली, तर काय म्हणून हाक मारू तिला?” म्हातारीनं आवाज खाली आणला. “आणि दर वर्षी थडग्यावर उकडलेल्या गव्हाचं ताट ठेवते ना मी, त्यातले गहू एका कडेनं कमी होतात. कुणी चमचा घातल्यासारखे. यादीतला माणूस चोरून कशाला खाईल?”

बोगोमिलनं चघळणं थांबवलं. सेव्दानं मला अठ्ठ्याऐंशीव्या पानावर उघडलं. मी बोट चिमटलं नाही.

तिनं वाचलं, “‘प्रश्न: तू नवऱ्याला विष दिलेस काय? उत्तर: स्त्री बोलली नाही. मान वर-खाली हलवून होकार दिला.’”

“काय केलं मानेचं?” आत्या म्हणाली.

“वर-खाली. थांब, पुढं आहे. ‘प्रश्न: तुझा नवऱ्यावर जीव होता काय? उत्तर: मान डावीकडे-उजवीकडे हलवून नकार दिला.’”

मग बोगोमिलनं आपली मान हळूच वर उडवली. मग आडवी हलवली. आपलीच मान नवी बसवून दिल्यासारखा बघत राहिला.

“कुठलं गाढव होतं हे लिहिणारं?” ग्रोझ्दा कडाडली. “आपल्याकडे मान वर गेली म्हणजे नाही! आडवी हलली म्हणजे हो! पाळण्यातलं पोर सांगेल!”

“प्रागचा होता, आत्या. त्यांच्याकडे उलटं असतं.” सेव्दानं त्या ओळीवर बोट ठेवलं. “पण ही तोंडानं का नाही बोलली? एक शब्द तर होता.”

“खोलीत कोण होतं, ते बघ.”

“साहेब, शिपाई, आणि सासरा दोब्री.”

“मग कशी बोलेल? नवी नवरी ती. ‘बोल सुने, माफ केलं,’ असं सासरा म्हणेपर्यंत त्याच्यासमोर तोंड उघडायचं नसतं. माझ्या आईनं चाळीस दिवस पाळलं. आणि त्या थेरड्यानं काय केलं?”

सेव्दानं शेवटची ओळ वाचली. “‘जबाब वाचून दाखवला. हे खरे आहे काय, असे सासऱ्यास विचारले. त्यानेही मान वर-खाली हलवून मान्य केले.’”

म्हणजे तोही नाहीच म्हणाला होता. पोराचं प्रेत शेजारच्या खोलीत, दारात बंदुकीचा शिपाई. तोंडातून शब्द निघाला नाही त्याच्या.

खरं सांगू? त्या दिवशी मी कोरा करकरीत होतो, आणि मी हसलो होतो. साहेबाची काय फजिती! उद्या कुणीतरी सांगेल, साहेब लाजेल, खोडेल, मजा येईल, असं वाटलं. कुणी सांगितलं नाही, आणि तिलाही पुन्हा कुणी विचारलं नाही. आठ महिन्यांनी ती गेल्याची नोंद आली, तेव्हा हसू कुठं ठेवावं ते मला कळेना.

“मग गान्चोला मारलं कुणी?” बोगोमिलनं विचारलं.

सेव्दानं खालची साक्ष वाचली. गिरणीवाल्यानं दुपारी गान्चोला अक्रोडाखाली कुणाशी तरी हसून बोलताना ऐकलं. वळून बघितलं तर गान्चो एकटा. वारा नव्हता, पण झाडाची सावली हलत होती. झाड नाही. सावली.

“ते राहू दे,” म्हातारी म्हणाली. काठी टेबलाला टेकवून तिनं तळहात अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ठेवला. “दोब्री म्हाताऱ्याचं सांगायचं राहून गेलं. घरात आता थोरली मीच. बोल सुने. माफ केलं.”

आता ऐका. माझ्या खोड्या मी कबूल करतो, पण ही माझी नव्हती. माझ्या शिवणीचा दोरा ताठ झाला. पानापानांत गारवा शिरला. आतून कुणीतरी श्वास घेतला, फार खोल, विहिरीतून बादली वर यावी तसा. आणि एका तरण्या बाईचा, पार गंजलेला आवाज म्हणाला:

“नाही.”

बोगोमिलच्या हातातली पुडी उलटली. सेव्दानं टेबलाची कड धरली. ग्रोझ्दा घाबरली नाही. तिनं मान सावकाश आडवी हलवली.

“ऐकलं गं,” ती म्हणाली.

शनिवारी पाद्र्यानं सव्वीस नावं वाचली. बोगोमिल स्वतः जाऊन ऐकून आला, आणि तेव्हापासून बिया बाहेर व्हरांड्यात खातो.

म्हाताऱ्या माणसानं आपली गोष्ट इथं संपवावी, पण ती माझ्या हातात नाही. नेदेल्या एका शब्दावर थांबली नाही. नवी नवरी ती, किती दिवसांचं साठलेलं! सकाळी कुलूप उघडायच्या आधी सुरू होते. माहेरच्या मेंढ्या, लग्नातले वाजंत्री, सासऱ्याचं घोरणं, गान्चोच्या मिश्या. मी हूं हूं करत ऐकतो.

येत्या सोमवारी माझे फोटो काढणार आहेत. मग मला लोखंडी पेटीत घालून झाकण लावतील. पुढं कुणी मला उघडणार नाही, फोटोच बघतील. फोटोत अक्षरं येतील हो. आवाज कसा येईल?

काल ती त्या दुपारपर्यंत येऊन पोचली. गान्चोसाठी भाकर घेऊन ती अक्रोडाकडे निघाली आहे, आणि तिथं त्याच्या शेजारी कोण बसलंय ते तिला लांबून दिसलंय. जन्मभर मी सगळ्यांना चिमटे काढले, ते माफ करा, पण सोमवारच्या आत कुणीतरी या. हे पुढचं मला एकट्याला ऐकायला लावू नका.