नदीपलीकडचं मत

माझं घर आणि ऑरिनचं घर यांच्यामध्ये बिग सू नदी आहे, आणि नदीवर एक जुना लोखंडी पूल. पुलाच्या अलीकडे आयोवा, पलीकडे साउथ डकोटा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या कोठाराचं छप्पर दिसतं. हिवाळ्यात नदी गोठते, वर बर्फ पडतो, आणि मग नदी नेमकी कुठे आहे तेच कळत नाही. दोन्ही राज्यं एकाच पांढऱ्या पांघरुणाखाली झोपलेली दिसतात. अशा सकाळी कॉफीचा कप हातात धरून मी तासन् तास बघत बसायचे, आणि वाटायचं, ही हद्द म्हणजे कुणीतरी झोपेत बडबडलेली गोष्ट असणार.

दर चार वर्षांनी मात्र ती हद्द खडबडून जागी व्हायची. ज्याला ज्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचंय तो आधी आमच्या दारात, कारण पक्षाचा उमेदवार कोण, यावर देशातला पहिला कौल आमचा. जानेवारीत कॉकस असायची, म्हणजे आम्ही शाळेच्या जिममध्ये जमायचो आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत उभे राहायचो. ऑरिनच्या राज्याचा नंबर जूनमध्ये, पार शेवटी. तोवर त्याच्या मनातला माणूस केव्हाच माघार घेऊन घरी गेलेला असायचा. 'तुम्ही जेवता, आम्ही ताटं विसळतो,' असं तो म्हणायचा. ऑरिन माझा थोरला भाऊ. खेडोपाडी टपाल वाटण्यात त्याचं आयुष्य गेलं. तो सगळी वर्तमानपत्रं वाचायचा, सगळी भाषणं ऐकायचा, आणि एवढ्या वर्षांत एकही उमेदवार तो पूल ओलांडून त्याच्याकडे गेला नाही.

माझ्या टेबलावर मात्र दोन सिनेटर आणि एक गव्हर्नर कॉफी पिऊन गेले होते. त्या वर्षी उमेदवारी मागणाऱ्या सिनेटर टॉलिव्हरने माझ्या खुब्याच्या ऑपरेशननंतर फोन केला आणि कुत्र्याची चौकशी केली, तीही नाव घेऊन. ते नाव कुणीतरी पगारी माणसाने वहीत टिपून ठेवलंय हे मला कळत होतं. तरी दिवसभर मी हवेत होते. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागत नाही. ऑक्टोबरातच मी त्याला पाठिंब्याचा शब्द देणाऱ्या कार्डावर सही करून मोकळी झाले.

त्याच सुमारास ऑरिनने त्याच शर्यतीत उतरलेल्या गव्हर्नर मार्था स्ट्रँडला पत्र लिहिलं. खेड्यातली टपाल कचेरी बंद पडते तेव्हा काय काय बंद पडतं, त्याबद्दल. तिचं उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, दोन पानी. ते घेऊन तो पूल ओलांडून चालत माझ्याकडे आला.

"ती माझ्याशी भांडलीय, लव्हॉन," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "माझा एक मुद्दा तिला पटला नाही. ज्याचं मत हाती लागायचं नाही त्याच्याशी भांडायला तिने दोन पानं घालवली."

मग म्हणाला, जूनपर्यंत टिकायला हवी फक्त. एकाहत्तर वर्षांचा झालो, एकदा तरी मनातल्या माणसाला मत देऊन बघायचंय. माझ्याकडे त्याने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

कॉकसच्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर आला. बाहेरच्यांना बसून बघता येतं, बोलता येत नाही. छातीवर 'पाहुणा' असा कागद चिकटवून तो लाकडी पायऱ्यांवर बसला. ती संध्याकाळ मला अजूनही स्वप्नासारखी आठवते. उंच खिडक्यांबाहेर बर्फ इतक्या सावकाश पडत होता की तो पडतोय की वर चाललाय ते कळेना. आत ओल्या कोटांचा वास, चिलीच्या तिखट रश्श्याचा आणि दालचिनीच्या रोलचा वास. शहाऐंशी माणसं हातमोजे-टोप्या काढत हळूहळू तीन कोपऱ्यांत वाहत गेली. मी टॉलिव्हरच्या कोपऱ्यात गेले. सगळे मला बघून हसले, कुणीतरी खुर्ची दिली.

मोजणी झाली. टॉलिव्हर एकेचाळीस, दुसरा एक तेहेतीस, स्ट्रँड बारा. तेरापेक्षा कमी माणसं असलेला कोपरा मोडतो, असा नियम. अर्ध्या तासात त्या बाराजणांनी तेरावा माणूस मिळवायचा, नाहीतर दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं. आमचा म्होरक्या ड्युएन पोस्टमा, बियाणं विकणारा, लगेच बिस्किटांचा डबा घेऊन त्यांना फोडायला निघाला. "बाराजणांत बेसबॉलची टीम होते," जाता जाता तो मोठ्याने म्हणाला, "राष्ट्राध्यक्ष होत नाही." सगळे हसले. मीही हसले.

आणि मग मी ऑरिनकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला होता आणि रुमालाने पुसत होता, पुसतच होता. चष्म्याशिवाय त्याला हातभरापलीकडचं दिसत नाही. मला त्याची नजर जाणवू नये म्हणून तो मुद्दाम आंधळा होऊन बसला होता.

मी कधी उठले ते आठवत नाही. जमिनीवर खेळाच्या पिवळ्या-निळ्या रेघा होत्या, त्या एकेक करून पायाखालून गेल्या. आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. त्या वीस पावलांना किती वेळ लागला देव जाणे.

"लव्हॉन, तू सही केली होतीस," ड्युएन म्हणाला.

"सही केली होती, लग्न नव्हतं केलं," मी म्हटलं.

पुन्हा मोजणी झाली, आणि तेरा भरले. त्या कोपऱ्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका शिक्षिकेने मला मिठी मारली आणि विचारलं, तुम्हाला मार्थाचं काय आवडलं? मी म्हटलं, अक्षर. तिला तो विनोद वाटला.

परत येताना गाडी मी चालवत होते. दिव्यांच्या उजेडात बर्फ अंगावर धावून येत होता आणि मी ऑरिनच्या शाबासकीची वाट बघत होते. पूल आला.

"मी तेरावी होते," शेवटी मीच म्हटलं.

"बघितलं."

"तुझ्यासाठी गेले मी."

"तेच तर," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुला पटते ती?"

खोटं बोलता आलं असतं. "मला तिचं फारसं काही माहीत नाही."

"आणि टॉलिव्हर?"

"त्याने फोन केला होता."

तो चिडला नाही. चिडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. "मग त्या कोपऱ्यात अजून बाराच माणसं होती, लव्हॉन," तो म्हणाला. "मला माझं मत द्यायचं होतं, तुझ्याकडून मागून आणायचं नव्हतं. सगळ्या देशाच्या आधी तुम्हाला विचारतात. आणि तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलंस."

त्याला दारात सोडून मी तशीच गाडी वळवली. रागाने माझे कान तापले होते. एवढ्या लोकांसमोर मी शब्द मोडला, ड्युएनशी वाकडं घेतलं, आणि याचं हे बोलणं! आठवडाभर मी खिडकीचा पडदा उघडला नाही.

राज्यात स्ट्रँड चौथी आली. पाचव्या दिवशी तिने माघार घेतली. ऑरिनला फोन करायला मी तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. मग एक दिवस त्याचाच आला. गाडी बिघडलीय, दुकानात सोडतेस का, म्हणाला. ती बिघडलेली नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जूनमध्ये त्याच्या राज्याचं मतदान आलं. टॉलिव्हरचं पक्षाचं तिकीट पक्कं होऊन दोन महिने झाले होते. मतपत्रिकेवर तो आणि कुणी कधी ऐकलं नव्हतं असा एक, अशी दोनच नावं उरली होती. ऑरिन स्वच्छ दाढी करून, टाय लावून माझ्या गाडीत बसला.

"आता कशाला जातोस?" मी विचारलं.

"आज माझा नंबर आहे म्हणून," तो म्हणाला.

मतदान चर्चच्या तळघरात होतं. मी बाहेर गाडीत थांबले. नदीकाठच्या झाडांचा कापूस उन्हात तरंगत होता, खाली यायची त्याला काही घाई नव्हती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माणसं आत जाऊन बाहेर येत होती, ऑरिन येईना. दोन नावांत एवढं काय बघत असेल, असं मनात आलं, आणि मग मला एकदम रडू फुटलं. इतकी वर्षं सगळा देश माझ्या उत्तरासाठी थांबत होता, आणि मी एकदाही त्याच्याएवढा वेळ थांबले नव्हते.