मावशीची शुगर

दाराकडे पाठ करून मावशीने बोट साखरेच्या पाण्यात बुडवलं, वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारली आणि खाटेवर येऊन बसली.

"कुठलं बोट?" भाचीने विचारलं. तिच्या कपड्यांना सिगारेटचा वास येत होता.

"हे. बाकीची दुखतात."

"शुगर नाही, ठणठणीत आहात," असं नर्सबाईंनी कालच सांगितलं होतं. ते मावशीने वाटेतच गिळून टाकलं होतं. खोलीत येऊन म्हणाली, शुगर निघाली, रोज दोनदा बघायला सांगितलंय.

देश सुटला, पाठोपाठ आई गेली, तरी पोरगी उभी राहिली; कारण मधुमेही बापाची सुई, पट्टी, जेवणाची वेळ सगळं तिच्या हातात होतं. भाऊजी गेले आणि ते हात रिकामे झाले. आता ती निर्वासितांच्या या इमारतीच्या गच्चीवर पोरांसोबत असायची. आधी सिगारेट, मग खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. परवा शेजारच्या मुलीला गच्चीवरूनच उचलून हॉस्पिटलात नेलं. तिने अजून डोळे उघडले नव्हते. मावशीचं रागावून झालं, रडून झालं. पोरगी एवढंच म्हणायची, "मला इथे काम तरी काय आहे?"

भाऊजींनी एकदा केळं खाऊन न धुता तसाच हात पुढे केला होता, तेव्हा आकडा भलताच चढला होता. मावशीला ते नेमकं आठवलं होतं.

भाचीने बापाचं मशीन काढलं, पट्टी खोचली. मग स्पिरिटचा बोळा घेऊन बोट खसाखसा पुसलं.

"अगं, स्वच्छ आहे ते."

"बाबाही असंच म्हणायचे. त्या केळ्यानंतर मी कधी ऐकलं त्यांचं?"

सुई टोचली, थेंब आला. आकडा मावशीला उलटा दिसला, पण दिसला. उलटासुद्धा ठणठणीत.

गच्चीवरून कुणीतरी शीळ घातली.

भाची बराच वेळ मशीनकडे बघत राहिली. मग तिने ते बंद केलं.

"वाढलीय."

"किती?"

"तू नको टेन्शन घेऊस. संध्याकाळी परत बघते."

शीळ पुन्हा आली.

"आणि अनवाणी फिरायचं नाही आता," असं म्हणत भाची मावशीच्या चपला शोधायला खाटेखाली वाकली.