नवे रूळ पडेपर्यंत

रुळांचं काम निघालं आणि दोघी बहिणींची घडी विस्कटली. तोवर बरं चाललं होतं. आईचं डावं अंग लुळं पडल्यापासून दिवसभर ताई तिच्याजवळ असे. संध्याकाळी धाकटी चष्म्याच्या दुकानातून परतली, की ताई पायांत चपला सरकवून गाडीनं इस्पितळाच्या धुलाईघरात पाळीवर पळे.

आता गाड्या गोगलगायीसारख्या येत, वाटेत कुठेही थांबत. धाकटी खिडकीतून उकरलेली खडी बघत बसे आणि तिचा जीव टांगणीला लागे. ताईला कामावर ताकीद मिळाली होती.

"गाड्या सगळ्यांच्याच उशिरा येतात, पण तुझी जरा जास्तच," ताई एकदा म्हणाली.

"मग काय, ढकलत आणू?"

"लवकर निघ की!"

"मालक सोडायला नकोत?"

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग एके दिवशी गाडी दोन स्टेशनांच्या मधेच उभी राहिली, ती राहिलीच. धाकटीनं फोन लावला.

"ताई, अजून हलली नाही गं."

"मला थांबता येणार नाही. आज उशीर झाला तर उद्यापासून येऊ नको म्हणालाय साहेब."

"अगं, आई एकटी उठायला गेली तर? मागच्या वेळी पडली तेव्हा..."

"बघते काहीतरी," म्हणून ताईनं फोन ठेवला.

धाकटी घरी पोचली तेव्हा खोलीत अंधार होता. तिनं दिवा लावला. आई खुर्चीत होती. पोटाभोवती चादर गुंडाळून मागे खुर्चीच्या पाठीला घट्ट गाठ मारलेली. उजव्या हाताशी पाण्याचा पेला, रिकामा. खुर्चीखाली ओलं झालं होतं.

धाकटी गाठ सोडवायला वाकली. गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली.

"ताईला बोलू नकोस," आई अडखळत म्हणाली. "बांध म्हणून मीच सांगितलं. ती रडत होती."

धाकटीनं तिला पुसलं, कपडे बदलले, अंथरुणावर निजवलं. मग बाहेर जिन्यात येऊन फोन लावला. तोंडात आलेलं सगळं बोलायचंच, असं ठरवून.

"ताई, माणसं जनावरालासुद्धा..."

"मी गाडीतच आहे," ताईचा आवाज फुटला. "पुलाच्या अलीकडे. तासभर झाला, जागची हललेली नाही. आई कशी आहे?"

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली. इतकं करून ताई पोचलीच नव्हती.

"बरी आहे," ती म्हणाली. "झोपवलंय. तू घरी ये."

"नोकरी गेली गं माझी."

"ये तू आधी."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं मालकांकडे अर्ध्या दिवसाचं काम मागितलं. "अहो, गाड्या काय जन्मभर उशिरा येणार आहेत?" ते म्हणाले, पण हो म्हणाले. ताईनं घराजवळच्या इस्त्रीवाल्याकडे सकाळचं काम धरलं. त्यामुळे चूल पेटती राहिली, एवढंच.

त्या संध्याकाळबद्दल बहिणी कधी बोलल्या नाहीत. आईला मात्र तेव्हापासून खुर्चीत बसवायला गेलं, की ती न सांगता उजवा हात वर करी, चादर गुंडाळायला सोपं जावं म्हणून. ताई तिचा हात हळूच खाली घेई आणि स्वयंपाकघरात निघून जाई.